जमिनीची नोंद कोणी ठेवायची?

२०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यात लागोपाठ तीन दिवस जमिनीला बारीक हादरे बसल्याची नोंद दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने प्रसिद्ध केली. रिश्टर मापाने हे हादरे अडीचच्या आगेमागे होते. म्हणजे शहरातल्या बहुतेकांना ते जाणवूही नयेत इतके किरकोळ. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की तिन्ही नोंदी दुपारच्या होत्या. जिल्ह्यात उघड्या कोळसा-खाणी आहेत आणि तेथे सुरुंग दिवसाउजेडीच उडवले जातात. साहजिकच हा भूकंप की सुरुंग, अशी शंका निघाली. वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली आणि उन्हाळ्याच्या इतर बातम्यांत ती विरून गेली.

शंका किरकोळ असली तरी तिचे उत्तर मिळवण्याची पद्धत शास्त्राला शंभर वर्षे ठाऊक आहे. भूगर्भातील भेगेवर खडक सरकतो तेव्हा एका अंगाची जमीन पुढे ढकलली जाते आणि दुसऱ्या अंगाची मागे ओढली जाते. म्हणून भोवतालच्या काही वेधशाळांत पहिला ठसा वर उमटतो, काहींत खाली. सुरुंग मात्र चहूकडे बाहेरच ढकलतो. शिवाय सुरुंगाची पहिली, दाबाची लाट जोरकस असते आणि तिच्या मागून येणारी आडवी लाट दुबळी. भूकंपात बहुधा याच्या उलट. या दोन लाटांच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला सुमारे आठाने गुणले की केंद्र किती किलोमीटरवर आहे ते कळते आणि तीन ठिकाणांहून असे माप मिळाले की केंद्राची जागा नकाशावर ठरते. चार-पाच यंत्रे, वर्ष-दीड वर्षाचा काळ आणि चिकाटीचे दोन पदव्युत्तर विद्यार्थी एवढ्यावर नागपूरच्या शंकेचा निकाल लागू शकतो.

मग हे काम कोणाचे? राष्ट्रीय केंद्राच्या वेधशाळा सबंध देशात दीडशेहून थोड्या अधिक आहेत. भागाकार करून पाहिला तर सरासरी वीस हजार चौरस किलोमीटरला एक वेधशाळा पडते, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या दुप्पट मुलखाला एक. असे विरळ जाळे मोठा भूकंप टिपते, त्याची माहिती मंत्रालयाला तातडीने कळवते, आणि ते काम ते चोख करते. परंतु अमुक तालुक्यातला अडीच मापाचा हादरा कशाने झाला याची चौकशी करणे हे त्याचे काम नव्हे आणि त्याला ते शक्यही नाही. स्थानिक प्रश्नाला स्थानिक अभ्यासक लागतो. तो जेथे तयार व्हावा अशी आपण अपेक्षा करतो ती संस्था म्हणजे विद्यापीठ.

महाराष्ट्राला तरी हा धडा दुसऱ्या कोणाकडून शिकण्याची गरज नव्हती. कोयनेच्या शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लवकरच आसपासच्या गावांना जमिनीखालून गुरगुर ऐकू येऊ लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने तेथे वेधशाळा बसवल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ मापाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. दख्खनचे पठार म्हणजे अचल ढाल, ही त्या वेळची पक्की समजूत होती. धरणाच्या पाण्याचा या घटनेशी संबंध आहे काय, यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. हा वाद निव्वळ शास्त्रीय नव्हता, हे सांगायला नको. धरण सरकारचे, वीज सरकारची, आणि धरणाकडे बोट दाखवणे म्हणजे विकासाकडे बोट दाखवणे, असा तो काळ होता. आज कोयना हे जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणून सर्वत्र शिकवले जाते. पाण्याने खडकातील ताण निर्माण होत नाही, आधीच साचलेला ताण ते लवकर मोकळा करते, असा बारकाव्याचा निर्णय त्या वादातून निघाला. तो निघाला कारण काही माणसांनी वर्षानुवर्षे पाण्याची पातळी आणि हादऱ्यांची संख्या यांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. १९८५ पासून वारणेच्या धरणात पाणी साठू लागल्यावर पुढे त्या बाजूलाही हादरे वाढले, हेही त्याच तक्त्यांतून दिसले.

या कामाचे मोठे श्रेय हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेकडे जाते, डॉ. हर्ष गुप्ता यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेबद्दल आम्हाला आदरच आहे. संस्थेतील संशोधक विद्यार्थी पूर्वी उस्मानिया विद्यापीठासारख्या ठिकाणी प्रबंध सादर करीत, म्हणून प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात एक दोर तरी होता. २०११ पासून केंद्रीय प्रयोगशाळांची स्वतःची पदवी देणारी अकादमी आली आणि तो दोरही सैल झाला. कराडला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे; कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तिने तीन किलोमीटर खोलीचे विवर खोदले, हे काम जागतिक मोलाचे आहे. धरणांच्या भोवतीच्या वेधशाळा नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे जलसंपदा खात्याकडे. या साऱ्या यादीत राज्याच्या विद्यापीठाचे नाव कोठे येते ते वाचकांनी शोधावे. आमच्या विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग आहेत, त्यांतील काही जुने आणि नामांकित आहेत, नांदेडला भूभौतिकीही शिकवली जाते; परंतु बहुतेक ठिकाणी भूकंपशास्त्र म्हणजे अभ्यासक्रमातील एखादे प्रकरण. ज्या राज्याने कोयना पाहिली आणि किल्लारी पाहिली, त्या राज्यात हा विषय परीक्षेच्या वीस गुणांपुरता उरावा, ही परिस्थिती सहज म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

किल्लारीचे नाव निघाले म्हणून थोडे तपशिलाने लिहिणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना, ६.२ मापाच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसांचा बळी घेतला. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर येऊन. आता यातील विसरली गेलेली गोष्ट. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीच्या लोकांना शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले होते. लोक घाबरले होते, घराबाहेर झोपत होते. त्या हादऱ्यांवरून पुढचा भूकंप वर्तवता आला असता, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. भूकंपाचे दिवस-वेळेनिशी भाकीत आजही जगात कोणाला करता येत नाही आणि तसा दावा करणाऱ्यापासून दूर राहावे. परंतु शंभर धक्के म्हणजे शंभर नोंदी. त्या वेळी तेथे वेधशाळांचे दाट जाळे असते तर भेग कोठे आहे, किती खोल आहे, याचा काही अंदाज आला असता. आणि या पट्ट्यात धोका नाही हे सरकारी वचन निदान एक वर्ष आधी संशयास्पद ठरले असते. दाट जाळे आले ते भूकंपानंतर. संशोधन संस्थेने किल्लारीलाच ६१७ मीटरचे विवर खोदले, ३३८ मीटरवर बेसाल्टचा थर संपतो हे कळले, जगभरच्या नियतकालिकांत निबंध आले. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेकडून सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मंजूर झाले. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला येथे एकच तुलना सुचते: त्या रकमेच्या एका लहानशा अंशात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक गट आणि त्याची यंत्रे कित्येक वर्षे चालली असती.

जपानने हे कसे केले ते पाहणे उद्बोधक आहे. १८८० मध्ये योकोहामाला मध्यम भूकंप झाला आणि त्याच वर्षी तेथे भूकंपशास्त्राची परिषद स्थापन झाली. जॉन मिल्न हा इंग्रज प्राध्यापक तिचा प्रवर्तक. १८८६ मध्ये तोक्योच्या विद्यापीठात सेकिया सेइकेई यांची भूकंपशास्त्राच्या अध्यासनावर नेमणूक झाली, जगातली पहिली. १८९१ च्या नोबी भूकंपानंतर मिल्नच्या हाताखाली तयार झालेल्या ओमोरी नावाच्या पंचविशीच्या आत-बाहेरच्या तरुणाने नंतरचे धक्के मोजायला घेतले. दर दिवशी किती, दर महिन्याला किती, याचा हिशेब ठेवता ठेवता १८९४ मध्ये त्याने ते कोणत्या प्रमाणात कमी होत जातात याचा नियम मांडला. तो नियम आजही जगभर ओमोरीच्या नावाने वापरला जातो. त्यात फार महागडे यंत्र नव्हते. मोजण्याची शिस्त होती, मोजणाऱ्याला पोसणारे विद्यापीठ होते आणि नोंदी त्याच्या हाताशी होत्या. १९२३ च्या महाभूकंपानंतर दोनच वर्षांत तोक्यो विद्यापीठात भूकंप संशोधन संस्था उभी राहिली. आमच्याकडे १९६७ नंतर आणि १९९३ नंतर समित्या झाल्या. समित्या वाईट नसतात; पण अहवाल छापला की समिती संपते, विद्यार्थी मात्र पुढच्या विद्यार्थ्याला वही देऊन जातो. भूकंप पन्नास, शंभर, पाचशे वर्षांनी येणारा असेल, तर त्याची वाट पाहू शकणारी संस्था हीच, जिच्यात माणसे बदलतात आणि काम चालू राहते.

मात्र हा विद्यार्थी म्हणजे कोण, हेही पाहिले पाहिजे. शास्त्राच्या इतर शाखांतला विद्यार्थी प्रयोगशाळेत बसतो. भूकंपशास्त्राचा विद्यार्थी रानात असतो. यंत्र पक्क्या खडकावर पुरावे लागते, वाहतुकीपासून लांब. ऊर्जेसाठी सौर पट्टी लावावी लागते आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून जवळच्या शेतकऱ्याशी गोडीत राहावे लागते. महिन्याला एकदा तरी फेरी मारून विजेरी, घड्याळ, तारा तपासाव्या लागतात. परत येऊन हजारो ओळींतून लाटेचा पहिला क्षण हाताने टिपायचा. यंत्रे आता हे आपोआप करतात हे खरे, पण त्यांची चूक ओळखण्यासाठीही आधी हाताने टिपलेले असावे लागते. या श्रमाचे मोल काय ठरले आहे? राष्ट्रीय परीक्षेत वरच्या क्रमांकाने येणाऱ्या मोजक्यांना १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार, पुढे ४२ हजार रुपये मिळतात. तेही देशभर आंदोलने झाल्यावर वाढले. ज्यांना ही पाठ्यवृत्ती नाही त्यांना केंद्रीय विद्यापीठात दरमहा ८ हजार, आणि राज्य विद्यापीठात तो नियम लागूच नाही. मग सकाळी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि उरल्या वेळात प्रबंध लिहायचा, हा आमच्याकडचा रिवाज. अशा मुलाने वा मुलीने उमरेडच्या रानात महिन्याला चार फेऱ्या कशाच्या जोरावर माराव्यात? राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पाठ्यवृत्त्या देतात, त्यांचा उपयोग निःसंशय झाला आहे. परंतु त्यासाठीही मुलांना धरणे धरून बसावे लागले. पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात याच नागपुरात सत्तेच्या बाकांवरून विचारला गेला. ज्या कोयनेच्या पाण्यावर मुंबईचे कारखाने आणि महाराष्ट्राच्या घरांतले दिवे लागतात, त्या कोयनेखालची जमीन का हलते हे ज्यांनी समजावून दिले त्यांत अशाच प्रबंध लिहिणाऱ्या तरुणांचा मोठा वाटा होता, एवढे त्या प्रश्नाचे उत्तर पुरे व्हावे.

कोणी म्हणेल, नागपूर कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, येथे या खटाटोपाची गरज काय? किल्लारी कोणत्या पट्ट्यात होती ते वर आलेच आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक मापाचा भूकंप झाला होता. २२ मे १९९७ च्या रात्री जबलपूरला ५.८ मापाचा झाला आणि तो जमिनीखाली पस्तीसेक किलोमीटरवर, म्हणजे या पठारावर सहसा न आढळणाऱ्या खोलीवर उगम पावला होता. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातील मुलुगूचा ५.३ मापाचा धक्का गडचिरोली-चंद्रपूरप्रमाणे नागपुरातही जाणवला. आणि नागपूर ज्या जमिनीवर बसले आहे ती एकसारखी नाही. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची. तिच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी पुरातन पट्टेदार खडक, कामठीकडे वालुकाश्म आणि नाग नदीच्या काठाने गाळाची माती. मऊ मातीवर लाट फुगते, कठीण खडकावर ती तशीच निघून जाते. आमच्या धंतोलीत जुन्या विटांच्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इस्पितळे उभी राहिली आहेत. वाहने कोठे लावावीत यावरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा मोहल्ला आहे; त्या इस्पितळांखालची माती किती खोल आणि कोणत्या लयीने हलणारी, हा प्रश्न विचारणारा अजून कोणी न्यायालयात गेलेला नाही. जपानी अभियंता नाकामुरा यांनी १९८९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीने एकच यंत्र घेऊन, रात्रीच्या शांततेत प्रत्येक ठिकाणी तासाभराची नोंद केली तरी या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. पदव्युत्तर वर्गातील दहा मुलांनी एका हिवाळ्यात सबंध शहराचा असा नकाशा करावा, इतके हे साधे आहे. जबलपूरच्या जमिनीचा बारीक नकाशा झाला, पण भूकंपानंतर.

राहिला पैशाचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न. हे दोन्ही वस्तुतः एकच. धरण बांधणारा, खाण खोदणारा जमिनीच्या पोटात जो बदल करतो त्याचा लाभ त्याच्या ताळेबंदात दिसतो आणि तडा गेलेल्या भिंतीचा खर्च दुसऱ्याच्या घरी पडतो. ज्याच्याकडे सुरुंगाची वेळ आणि दारूचे वजन यांची वही आहे त्याला ती उघडण्याची इच्छा नसते. ज्याच्या घराला तडा गेला त्याच्याकडे वही नसते. येथे खाण खाजगी धनिकाची नाही, वेस्टर्न कोलफील्ड्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही सार्वजनिक मालकीचे समर्थक आहोत, म्हणूनच म्हणतो की मालकी जनतेची असेल तर वहीही जनतेची असली पाहिजे. गुप्तता पाळणारी सार्वजनिक कंपनी आणि गुप्तता पाळणारा खाजगी कारखानदार यांत तडा गेलेल्या भिंतीच्या दृष्टीने काही फरक नाही. विद्यापीठ आपोआप स्वतंत्र असते, असाही भाबडा विश्वास नको. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात तेल काढताना निघणारे खारे पाणी पुन्हा जमिनीत सोडल्यामुळे भूकंप वाढले, २०११ मध्ये प्राग गावाजवळ ५.७ मापाचा धक्का बसला, आणि पुढे तेथील एका तेलसम्राटाने आपली नाराजी थेट विद्यापीठाच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचवली होती. विद्यापीठातील संशोधकांनी त्या धक्क्याचा आणि खाऱ्या पाण्याचा संबंध दाखवणारा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तो शक्य झाला कारण लाटांच्या नोंदी कोणाही अभ्यासकाला मोकळ्या होत्या.

आपल्याकडे पैशाची वाट कायद्याने आधीच काढून दिली आहे. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात खाणमालकांनी त्यांत रक्कम भरायची आणि ती खाणग्रस्त भागासाठी खर्च व्हायची. शिक्षण आणि पर्यावरण हे त्या खर्चाचे मान्य विषय आहेत. नागपूर जिल्ह्याच्या प्रतिष्ठानने यांतून विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला पाच वर्षांसाठी सहा संशोधक विद्यार्थ्यांची पाठ्यवृत्ती, राष्ट्रीय दराने आणि महिन्याच्या महिन्याला, आणि आठ-दहा यंत्रांची रक्कम द्यावी. एक पूर्णवेळ प्राध्यापक विद्यापीठाने नेमावा, तासिका तत्त्वावर नव्हे. पैसा खाणीचा, पण विषयाची निवड आणि निष्कर्षाची प्रसिद्धी सर्वस्वी विद्यापीठाची, ही अट करारात पहिल्या ओळीला असावी. नोंदी सहा महिन्यांच्या आत सर्वांसाठी खुल्या कराव्यात. कोळसा कंपनीने प्रत्येक सुरुंगाची वेळ, जागा आणि दारूचे वजन दर आठवड्याला विभागाकडे पाठवावे. त्यात कंपनीचा तोटाही नाही. तिच्या सुरुंगाने तडा गेलेला नाही हेही त्याच नोंदीवरून सिद्ध होऊ शकेल.

उघड्या खाणींच्या आसपासच्या गावांतून घरांना तडे गेल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. तक्रार करणाऱ्याला पुरावा मागितला जातो आणि पुरावा आणण्याचे साधन त्याच्याकडे नसते. विभागाची पहिली चार यंत्रे या गावांतील शाळांच्या आवारात पुरावीत आणि दुपारच्या नोंदीचा कागद शाळेच्या फळ्याशेजारी लावला जावा.